टायर पॉलिश टिकत नाही, काळं प्लास्टिक परत पांढरं, इंजिन धुतलं की मिसिंग: नेमकं कुठं चुकतंय?

टायरला पॉलिश मारलं, दोन दिवस काळेकुट्ट दिसले, तिसऱ्या दिवशी परत तपकिरी. बंपरखालचं काळं प्लास्टिक चमकवलं, एक पाऊस झाला की परत पांढरट पट्टे. इंजिन धुऊन आणलं तर आठवडाभरात आधीपेक्षा जास्त धूळ चिकटलेली, वर गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे इंजिन अडखळत, थरथरत चालायला लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडं चंदगडपर्यंत गाड्या धुणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाइकांची रड हीच तीन. आमच्याकडं पण कोण ना कोण येतंच, "अण्णा, परवाच पॉलिश मारलंय की, बघा कसं झालंय, माल डुप्लिकेट हाय काय?" माल बऱ्याचदा चांगलाच असतोय. खालचं न काढता वर लावलेलं असतंय, एवढंच. टायर असो, प्लास्टिक असो की बोनेटखालचं, तिन्हीकडं दुखणं हेच, पण काढायचं काय आणि कसं हे तिन्हीकडं वेगळं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी टायर, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच वाया जातात.

टायर तपकिरी का दिसतोय ते आधी बघायचं, बाटली नंतर उघडायची. जुनं पांढरं बनियन फाडून फडकं करा, ओलं करा आणि टायरच्या बाजूला जिथं कंपनीचं नाव उठावदार असतं तिथं जोरात घासा. फडक्यावर लालसर गाळ आला आणि साध्या पाण्यात निघून गेला तर ती आपली माती. काळं, तेलकट, बोटाला बुळबुळीत लागणारं आलं तर ते जुन्या पॉलिशचे थर. आणि नुसत्या पाण्यानं फारसं काही येत नाही पण क्लीनर मारून घासलं की गडद तपकिरी फेस येतोय, तर ते टायरच्या आतून आलेलं. बहुतेक गाड्यांवर तिन्ही एकावर एक बसलेलं असतं, खाली तपकिरी, त्यावर पॉलिश, पॉलिशमध्ये रुतलेली माती, आणि त्यावर परवा मारलेलं नवीन पॉलिश. पोपडे धरलेल्या भिंतीवर परत चुना फासल्यासारखं आहे हे, टिकणार किती?

आतून आलेलं म्हणजे काय, तर टायरच्या रबरात कंपनीच ६पीपीडी नावाचं केमिकल घालते. हवेतल्या ओझोननं रबराला बारीक चिरा पडतात, त्या पडू नयेत म्हणून. हे केमिकल हळूहळू रबराच्या पृष्ठभागावर येत राहतं, तिथं ओझोन त्याला खातो, रबर वाचतं आणि केमिकल तपकिरी पडतं. म्हणजे तपकिरी झालेला टायर खराब टायर नव्हे, उलट तो त्याचं काम करतोय. त्यामुळं "कायमचं काळं करून द्या" असं कुणी म्हटलं तर ते होत नाही, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ पण नका. दर काही आठवड्यांनी धुऊन काढायचं, एवढाच त्याला इलाज. नवीन टायरवर आणखी एक भानगड असते. साच्यातून टायर सुटावा म्हणून जे लावलेलं असतं त्याचा अंश वर राहतो, त्याच्यावर कुठलंच पॉलिश धरत नाही, म्हणून नवीन टायर टाकल्यावर पहिली धुणी मन लावून करा.

माती पण आपल्याकडं दोन तऱ्हेची. खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूची लाल, तिच्यात लोहाचा गंज भरपूर, ती टायरच्या खाचांत आणि प्लास्टिकच्या दाण्यात जाऊन बसते आणि रंग सोडते. निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी, ती रंग सोडत नाही पण ओली झाली की मेणासारखी चिकटते आणि वाळली की ढेकूळ होते, मडगार्डच्या आत किलोकिलोनं साठते. ऊस चालू झाला की तर विचारूच नका, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकलेला, त्यावरून गाडी गेली की खालची बाजू सगळी भरली. काळी माती आधी पाण्याचा मारा करून भिजवून सोडवायची, वाळलेल्या ढेकळावर ब्रश ओढला तर रंगावर चरे पडतात.

आता धुवायचं कसं. गाडी सावलीत, टायर गार. लांबून आलेल्या गरम टायरवर क्लीनर मारला की घासायच्या आतच वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. क्लीनर म्हणजे एपीसी, ऑल पर्पज क्लीनर म्हणून जो मिळतो तो, टायरसाठी साधारण एक भाग क्लीनर आणि चार-पाच भाग पाणी, बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. ब्रश ताठ प्लास्टिक केसांचा, कपडे धुवायचा नवा ब्रश पण चालतोय, तारेचा ब्रश मात्र लावू नका. एक टायर घ्या, तो पूर्ण करा, मग दुसरा. पहिल्या घासणीला जो फेस येतो तो बघून लोकांना धक्काच बसतो, अक्षरशः गढूळ तपकिरी, खाली फरशीवर ओघळ येतात. धुऊन टाका, परत मारा, परत घासा. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि इथंच सगळे कंटाळतात. दुसऱ्या वेळी फेस जरा फिका आला की "झालं बघ" म्हणून सोडून देतात, मग पॉलिश मारतात आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडं येतात.

टायर खरंच निघालाय का हे बघायला पाणी मारून बघा. पाणी कुठं थेंब थेंब होऊन थांबत असेल तर तिथं जुनं पॉलिश अजून आहे. नीट निघालेला टायर ओला असताना सगळीकडं सारखा ओला दिसतो आणि वाळल्यावर राखाडी-काळा, एकदम मट्ट, चमक शून्य. असा मट्ट टायर बघून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय, "आधीच बरं दिसत होतं की", पण पॉलिश धरणार ते यालाच.

मग वाळवायचं. पूर्ण. पावसाळ्यात हे अवघड असतं, वरून कोरडं दिसलं तरी अक्षरांच्या खाचांत पाणी बसलेलं असतं, ब्लोअर असेल तर हवा मारा, नसेल तर फडक्यानं टिपून अर्धा तास थांबा. ओल्या टायरवर लावलेलं पॉलिश धरतच नाही, पाण्यासकट ओघळून जातं.

पॉलिशमध्ये दोन जाती. एक दुधासारखं पांढरं, ते पाण्यातलं, याची चमक कमी, काळेपणा नैसर्गिक, लावल्यावर हाताला चिकटत नाही. दुसरं पारदर्शक, घट्ट, थिनरसारखा वास येणारं, ते सॉल्व्हंटमधलं सिलिकॉन, याची चमक ओल्यासारखी आणि पावसात जरा जास्त टिकतं, पण धूळ पकडतं. लग्नाच्या गाडीला एका दिवसापुरतं लावायचं तर दुसरं लावा, रोजच्या गाडीला मी पहिलंच देतो. आपल्याकडच्या धुळीत ओलसर चमक म्हणजे धुळीला आमंत्रण, घरातून निघून गोगट्यांच्या सर्कलपर्यंत जाईतो परत लाल.

लावताना स्पंजवर घ्या, टायरवर फवारू नका. फवारलेलं उडून अलॉय चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर जातं, आणि डिस्कवर सिलिकॉन म्हणजे ब्रेकशी खेळ. पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसून घ्या. हे शेवटचं पुसणं कुणी करत नाही आणि त्यामुळंच दारावर काळे ठिपके येतात. चाक फिरलं की टायरवरचं जास्तीचं पॉलिश उडतं आणि चाकामागच्या पत्र्यावर खालून वर तिरक्या रेषेत ठिपके बसतात, पांढऱ्या गाडीवर तर लगेच दिसतात. लोक म्हणतात रस्त्याचं डांबर उडलंय. बोटानं पुसून बघा, पसरलं आणि तेलकट लागलं तर पॉलिश, कडक असेल तर डांबर. पॉलिशचे ठिपके पातळ केलेल्या एपीसीनं निघतात, डांबराला टार रिमूव्हर लागतो. पुसल्यावर गाडी लगेच बाहेर काढू नका, अर्धा तास उभी राहू दे.

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याला पॉलिशचा थेंबही लागता कामा नये. चारचाकीला नाही म्हणजे नाही, आणि दुचाकीच्या टायरला तर पॉलिश ही गोष्टच नको, कारण वळणावर बाईक आडवी झाली की बाजूचं रबर पण रस्त्यावर येतं. पोरं हौसेनं मारतात, त्यांना दोन शब्द सुनवा.

घरगुती उपायांचं बोलायचं तर खोबरेल तेल दोन दिवसांत चिकट होऊन मातीचा लेप तयार होतो. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, पहिल्या पावसात गेलं. बुटाचं पॉलिश भेगाळून पोपडे सुटतात. आणि डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल, हे तर टायरला लावूच नका. पेट्रोलियम तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं, हे एका दिवसात दिसत नाही म्हणून लोकांना खरं वाटत नाही. गावाकडं ट्रॅक्टरच्या टायरला जळकं ऑइल पुसायची सवय आहे, दिवाळीच्या तोंडावर सगळे काळे कुळकुळीत, पण ती सवय कारला आणू नका.

पावसाळ्यात काय करायचं? माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबी बाजूला रोज जाणारा असाल तर टायर पॉलिशवर पैसे घालूच नका, फक्त धुवा. तिकडचा पाऊस आणि तिकडचे रस्ते यांच्यापुढं कुठलीच बाटली टिकत नाही. बेळगाव शहरातल्या शहरात फिरणाऱ्यानं हवं तर महिन्यातून एकदा जेलसारखं घट्ट पॉलिश लावावं.

एक जोडून सांगतो, जुनी गाडी घेताना टायर फार चकाकत असतील तर आधी धुवायला लावा. पॉलिशखाली बारीक चिरा छान झाकतात. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात, ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की कायद्यानं टायर बाद, खाचेत छोटे उंचवटे असतात, झीज त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं. चमक बघून टायर घेऊ नका, हे आकडे बघा.

अलॉयचं थोडक्यात. उद्यमबाग, मच्छे बाजूला फौंड्र्या आणि मशीनशॉप भरपूर, तिथं दिवसभर गाडी लावणाऱ्यांच्या चाकांवर आणि पांढऱ्या पत्र्यावर बारीक तांबूस कण बसतात. ब्रेकची धूळ पण तशीच. शाम्पूनं हे जात नाही कारण लोखंडाचा कण रुतून गंजलेला असतो. आयर्न रिमूव्हर म्हणून मिळतो तो मारला की कणाभोवती जांभळे ओघळ येतात, वास अंड्यासारखा घाण येतो, घाबरू नका, वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. काही ठिकाणी अलॉय धुवायला सरळ ॲसिड मारतात, एका मिनिटात चकाचक, आणि काही महिन्यांत अलॉयवरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, फोडासारखं उठतं. ते ॲसिड शेजारच्या काळ्या प्लास्टिकवर उडालं तर तिथला पांढरा डाग मग जात नाही. विचारून घ्या काय मारणार आहात, लाजू नका.

आता काळं प्लास्टिक. बंपरचा खालचा भाग, चाकावरच्या कमानी, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी. हे रंगवलेलं नसतं, पॉलिप्रोपिलीन जातीचं प्लास्टिक, रंग आतूनच मिसळलेला, वर बारीक दाणा. पांढरं पडण्याची कारणं तीन आणि तिन्ही दिसायला सारखी, म्हणून लोक सगळ्यावर एकच बाटली ओततात.

ओळखायचं असं. पत्र्याच्या कडेला लागून, ठिगळासारखं, दाण्यात खडूसारखं भरलेलं असेल तर ते बॉडी पॉलिश किंवा वॅक्स, गाडी रबिंग करताना मास्किंग टेप न लावल्याची कृपा. गोल गोल कडा असलेले डाग किंवा वरून खाली ओघळ असतील तर बोअरच्या पाण्याचा क्षार. आणि वर आभाळाकडं बघणारा भाग सगळीकडं सारखा राखाडी झालाय, पण त्याच प्लास्टिकचा दाराच्या फटीतला किंवा आतल्या बाजूचा भाग अजून काळा आहे, तर ते उन्हानं करपलेलं. फेब्रुवारी ते मे उन्हात उभी राहणारी गाडी, कव्हर नाही, सावली नाही, दोन-चार उन्हाळ्यांत वायपरखालची जाळी आधी जाते.

वॅक्सचं असेल तर एपीसी जरा पातळ, एकास दहा, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. गोल गोल फिरवायचं म्हणजे दाण्याच्या सगळ्या बाजूंनी केस जातो, एकाच दिशेनं घासलं तर अर्धं तसंच राहतं. लगेच पुसायचं, नाहीतर सुटलेलं वॅक्स परत तिथंच बसतं. चिवट असेल तर भांडी-भिंती पुसायचा तो पांढरा मेलामाइनचा स्पंज मिळतो, तो हलक्या हातानं, पण तो बारीक पॉलिश पेपरच असतो हे लक्षात ठेवा, चकाकणाऱ्या काळ्या पॅनेलला तो लावला तर पॅनेल गेलंच.

क्षाराला साबण काही करत नाही, त्याला आंबट लागतं. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडक्यानं लावून दोन-तीन मिनिटं ठेवा, पुसा, भरपूर पाण्यानं धुवा. आणि ज्या पाण्यानं डाग पडले त्याच बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळत ठेवली की परत तेच, त्यामुळं शेवटचं पाणी शक्य असेल तर नळाचं घ्या, आणि गाडी आपोआप वाळू देऊ नका, मायक्रोफायबरनं टिपा. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या "पॉलिश टिकत नाही" तक्रारी खरं तर पाणी न पुसल्याच्या असतात.

उन्हानं करपलेल्याला मात्र धुऊन काळं करता येत नाही, वरचा थरच मेलेला असतो. धुवा, वाळवा, मग दोन रस्ते. दुधट ड्रेसिंग, म्हणजे पाण्यातलं पांढरं पॉलिश, लावलं तर काही आठवडे काळं, परत लावत राहायचं. किंवा ट्रिमसाठीचं, म्हणजे अशा काळ्या प्लास्टिकसाठीचं, कोटिंग किंवा रंग देणारं रिस्टोरर, हे महिने महिने टिकतं पण त्याआधी जुनं सगळं सिलिकॉन उतरवावं लागतं, एपीसीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून. हे पुसणं गाळलं तर कोटिंग ठिपक्याठिपक्यानं धरतं, मग ते काढणं म्हणजे डोकेदुखी. हातमोजे घाला, पत्र्याला टेप लावा, पत्र्यावर लागलं की लगेच पुसा. हीट गनचे व्हिडिओ बघून पोरं ती घेऊन येतात, प्लास्टिक तापवलं की काळं होतं हे खरं, पण काही महिन्यांत परत राखाडी पडतं, आणि हात जरा थांबला की दाणा वितळून तिथं चकचकीत चट्टा राहतो. मी गिऱ्हाइकाच्या गाडीला करत नाही.

वायपरखालची जाळी धुताना तिच्यातली पानं काढा. कॅम्पात, टिळकवाडीत झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर पावसाच्या आधी नक्की. खालची पाणी जायची भोकं पानांनी बुजली की पाणी तुंबून एसीच्या फिल्टरात नाहीतर पायाखालच्या मॅटमध्ये येतं, आणि मग लोक दाराचं रबर बदलत बसतात.

खंडेनवमीचं एक स्वतंत्र दुखणं. गाडीची पूजा झाली, हळद-कुंकू बंपरवर, बोनेटवर, चाकांवर, दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला आली. हळदीवर सरळ फोम किंवा एपीसी मारू नका. हळदीला अल्कधर्मी, म्हणजे साबण-सोड्यासारखं, काही लागलं की ती लालभडक होते, पिवळ्या डागाचा लाल डाग, आणि दाणेदार प्लास्टिकमध्ये तो आणखी खोल बसतो. आधी कोरडीच हळद मऊ ब्रशनं झटका, मग नुसतं पाणी, मग साधा कार शाम्पू. तरी पिवळं राहिलं तर दोन-चार दिवस उन्हात राहू दे, हळदीचा रंग उन्हानं आपोआप उडतो. कुंकवाचं तसं नाही, ते ओलं असतानाच पुसायला हवं. फोडलेल्या नारळाचं पाणी पण चाकावर, बंपरवर वाळू देऊ नका, चिकट होतं.

आता बोनेट उघडूया.

इंजिन धुवायचं का, हा पहिला प्रश्न. चकचकीत दिसण्यासाठी धुवायची तशी गरज नाही, पण तेल कुठून गळतंय ते बघायला, उंदराचा घाण वास घालवायला आणि वायरिंगवरची चिकट माती काढायला धुवावं. आपल्याकडं जी पद्धत चालत आली ती म्हणजे डिझेल स्प्रे. कंप्रेसरनं डिझेलचा फवारा, वर पाण्याचा प्रेशर, वर परत डिझेलचाच हात, इंजिन चमाचम. गिऱ्हाईक खूश. चमक असते ती डिझेलच्या ओल्या थराची, त्याच्यावर चोर्ल्याच्या रस्त्याची लाल धूळ बसली की चिखलाचं प्लास्टर. आठवडाभरात आधीपेक्षा घाण दिसतंय त्याचं कारण हे. शिवाय रबरी पाइप, बुशा, बेल्ट यांना डिझेल चालत नाही, आणि गरम सायलेन्सरच्या नळीशेजारी डिझेल सांडून ठेवणं हे तर मला बघवत नाही.

आधी डिझेल मारलेलं असेल तर ते एपीसीनं उतरवल्याशिवाय पुढं काही करू नका.

इंजिन हाताला कोमट लागेल इतकं गार होऊ द्या, तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, नंतर घड्याळ परत लावावं लागेल आणि काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग जातं, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. डायनॅमो (अल्टरनेटर), फ्यूज बॉक्स, हवा घ्यायचं तोंड, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पेट्रोल गाडीत प्लगवरच्या कॉइल, हे सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका आणि रबर बँड लावा. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल, नारिंगी केबल दिसत असेल, तर इथंच थांबा, फक्त ओल्या फडक्यानं वरचं कव्हर पुसा आणि बोनेट लावा.

आधी कोरडं काम. लाल धुळीवर पहिल्यांदा पाणी मारलं की तिचा चिखल होऊन फटीत जातो, म्हणून मऊ ब्रश आणि हवेनं जेवढं निघतंय तेवढं काढा, कोपऱ्यातली पानं हातानं. मग एपीसी एकास दहा, ब्रशवर आणि फडक्यावर घेऊन एक एक भाग. तेलकट जागी जरा दाट. पुसायचं ओल्या फडक्यानं, फडकं पिळायला दोन बादल्या ठेवा. पाणी मारायचंच असेल तर बागेच्या पाइपला फवारा लावून हलकं, प्रेशर गन बोनेटखाली आणूच नका. प्रेशरनं पाणी कनेक्टरच्या रबरामधून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते.

धुतल्यावर मिसिंग करतंय त्याचं कारण बहुतेक वेळा प्लगच्या खड्ड्यात नाहीतर कॉइलच्या कनेक्टरमध्ये पाणी. गाडी थरथरते, पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका आणि "चालवली की वाळेल" म्हणून गाडी दामटू पण नका. बंद करा, कॉइल ओळीनं काढा, कुठली कुठं होती ते लक्षात ठेवून, खड्ड्यात हवा मारा, कनेक्टरमध्ये हवा मारा, अर्धा-एक तास बोनेट उघडं उन्हात, परत बसवा. बऱ्याच वेळा एवढ्यावर नीट होतं. तरी दिवा पेटलेलाच राहिला तर मेकॅनिककडं नेऊन स्कॅन करा, अंदाजानं पार्ट बदलू नका.

बॅटरीच्या टर्मिनलला पांढरं-निळसर पीठ जमलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसेल, ब्रशनं घासा, धुवा, वाळल्यावर पेट्रोलियम जेलीचा बारीक हात. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका.

मग वरचं काळं कव्हर, पाइप, वायरिंगच्या नळ्या यांना तेच दुधट ड्रेसिंग, स्पंजनं, पातळ, आणि पुसून कोरडं. बेल्ट आणि पुली यांना अजिबात नाही, बेल्ट घसरून किंचाळायला लागतो. एक्झॉस्टच्या आसपास नाही, धूर येतो. हवा घ्यायच्या तोंडाजवळ सिलिकॉनचा स्प्रे नको, आत ओढलं गेलं तर ऑक्सिजन सेन्सरला ते झेपत नाही. ऑइलच्या टोपणाला आणि डिपस्टिकच्या मुठीला पण लावू नका, बुळबुळीत होतं आणि मेकॅनिक शिव्या घालतो.

धुतल्यावर दहा-बारा दिवसांनी बोनेट परत उघडून बघा. एकाच जागी ताजं तेल दिसतंय, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडेला नाहीतर खाली ऑइल सीलजवळ, तर ती घाण नसून गळती आहे, पॅकिंग बदला. दर महिन्याला इंजिन धुवायला आणणारे काही जण येतात, त्यांना मी सांगतो, "काका, धुण्याचे पैसे साठवा आणि पॅकिंग टाका की."

राहिले उंदीर. पावसात आणि ऊसतोडीनंतर शेतातले उंदीर ऊब शोधत बोनेटखाली येतात, वायरी कुरतडतात, एअर फिल्टरमध्ये बिऱ्हाड करतात. स्वच्छ इंजिनाचा खरा फायदा इथं दिसतो, लेंड्या आणि कुरतडल्याच्या खुणा लगेच नजरेला पडतात. निपाणीकडं तंबाखूची पानं बोनेटखाली ठेवायची पद्धत आहे, उग्र वासाला उंदीर बिचकतो म्हणतात, कुणाला गुण येतो, कुणाच्या गाडीत उंदीर त्याच पानांवर झोपतो. ठेवायची तर सुटी पानं नकोत, वाळलेलं पान एक्झॉस्टवर पडलं की जळणार. जाळीच्या पिशवीत घट्ट बांधून बॅटरीच्या बाजूला, गरम भागापासून लांब, आणि वास गेला की बदला. वायरी आधीच कुरतडलेल्या दिसल्या तर गाडीला पाणी लावूच नका, आधी वायरिंगवाल्याकडं न्या, उघड्या तारेवर पाणी पडलं तर धुण्याच्या दीडशे-दोनशे रुपयांत हजारांचं काम निघतं.